जुना स्टिरिओ आणि नवा आवाज : ॲम्प्लिफायरच्या वाढीचा हिशेब

परभणी, सेलू, गंगाखेड, मानवत, जिंतूर. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावी गेले तरी एखाद्या घरात कपाटावर, विणलेल्या रुमालाखाली, एक जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर झाकून ठेवलेला आढळतो. परभणी ही मनमाडकडून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेली. त्यामुळे कोणाचा सेट मुंबईहून आलेला असतो, कोणाचा हैदराबादहून. १९९१ पूर्वी परदेशी माल आणणे सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून कॉस्मिक, सोनोडाइन, फिलिप्स अशा नावांचे, त्यातल्या त्यात परवडणारे सेट लोकांनी घेतले आणि त्यांवर हौसेने नाट्यगीते, अभंग आणि सिनेमाची गाणी ऐकली.

आज घरातला मुलगा त्या सेटाला मोबाइल जोडतो आणि तक्रारींना सुरुवात होते. व्हॉल्यूमचे बटण किंचित फिरवले की आवाज अंगावर येतो. कमी करावा तर एक बाजू गप्प होते आणि दुसरी बोलत राहते. गाणे थांबवले तरी स्पीकरातून बारीक सूं-सूं चालूच असते. मग घरात निकाल लागतो : सेट म्हातारा झाला, आता भंगारवाल्याला द्यावा. किंवा कोणी उत्साही माणूस 'मॉडिफाय' करून देतो म्हणतो आणि आतले भाग उपसून बसतो.

आमचे म्हणणे असे की, पुष्कळ वेळा हा सेट बिघडलेला नसतोच. त्याच्यापुढे येणारा आवाज बदललेला असतो. जुन्या काळच्या क्षीण आवाजासाठी जी वाढ आवश्यक होती, ती आजच्या जोरकस आवाजाला फार होते. ही जादा वाढ कमी करता येते; त्याला लागणारे सामान दोन-चार रुपयांचे आहे. मात्र ती कोठे कमी करावयाची, हा खरा प्रश्न आहे. योग्य जागी केली तर सेट पुन्हा तरुण होतो. भलत्या जागी केली तर चांगला सेट कायमचा हातचा जातो.

वाढ म्हणजे काय?

ॲम्प्लिफायरचे काम आत आलेला विजेचा लहान दाब मोठा करून बाहेर देणे हे होय. बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या किती पट, त्या आकड्याला मेकॅनिक 'गेन' म्हणतात. आपण त्याला वाढ म्हणू. एक उदाहरण घेऊ. २० वॅटचा सेट ८ ओह्मच्या स्पीकरला पूर्ण शक्ती देतो, तेव्हा स्पीकरच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट असतात. जुन्या सेटांत ही शक्ती मिळण्यास आत बहुधा १५० मिलिव्होल्टच्या आसपास दाब पुरत असे. १२.६ व्होल्टला ०.१५ ने भागले तर उत्तर येते ८४. म्हणजे आत आलेला आवाज हा सेट ८४ पट करतो.

ही वाढ एका उडीत होत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी होते. आमच्या उदाहरणात पहिली पायरी साडेतीन पटीपेक्षा थोडी कमी वाढ करते. मग स्वर जाडाबारीक करणारी टोन कंट्रोलची पायरी येते, ती मधल्या स्वरांत वाढ वा घट करीत नाही. शेवटची पॉवरची पायरी २५ पट वाढवते. येथे ध्यानात ठेवावयाचे ते हे की, पायऱ्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. चक्रवाढ व्याज ज्याला कळते त्याला हे सांगावे लागणार नाही. एका पायरीत दुपटीचा फेर केला की शेवटचा आकडाही दुपटीने बदलतो.

कान मात्र पटींच्या हिशेबाने ऐकत नाही. त्यासाठी तंत्रज्ञ डेसिबेल हे माप वापरतात. दाब दुप्पट झाला तर ६ डेसिबेल, चौपट झाला तर १२, दहापट झाला तर २०. आवाज सुमारे १० डेसिबेलने वाढला म्हणजे कानाला तो ढोबळमानाने दुप्पट मोठा वाटतो. एवढे गणित पुढच्या विवेचनाला पुरेसे आहे.

आवाजाचे उगम बदलले

जुना सेट बनवणाऱ्याने इतकी वाढ का ठेवली, याचे उत्तर त्या काळच्या उगमांत आहे. ग्रामोफोनच्या चुंबकी पिकअपातून ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढाच दाब येतो. स्वस्त प्लेअरांतील सिरॅमिक पिकअप काहीशे मिलिव्होल्ट देतो. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. तिच्या डेकचे वा रेडिओ ट्यूनरचे उत्पादनही बहुधा १०० ते ५०० मिलिव्होल्टच्या घरात असे. आकाशवाणीचे परभणी केंद्र मीडियम वेव्हवर १३०५ किलोहर्ट्झला लावून ज्यांनी आपल्या ट्यूनरवरून मोठ्या सेटावर ऐकले, त्यांना व्हॉल्यूमचे बटण ऐन मध्यावर ठेवूनच सुख मिळे. सेटाची वाढ या मंडळींच्या मापाने बेतलेली होती.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि तिच्या प्लेअरने पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देण्याचा प्रघात पाडला. आजची घरगुती डिजिटल यंत्रे तोच प्रघात चालवतात; मोबाइल वा ब्लूटूथची डबी एक व्होल्टच्या आसपास देते. आता हिशेब करा. ज्या दाराशी १५० मिलिव्होल्ट अपेक्षित होते तेथे २,००० मिलिव्होल्ट येऊन उभे राहिले! तेरापटीहून अधिक, म्हणजे सुमारे २२ डेसिबेलचा फरक पडला.

खोलीत बसून ऐकण्याला एक वॅटसुद्धा पुरतो. ८ ओह्मवर एक वॅट म्हणजे २.८ व्होल्ट. ८४ पट वाढीच्या सेटाला त्यासाठी आत अवघे ३४ मिलिव्होल्ट हवेत. दोन व्होल्टपैकी साठावा हिस्सा तेवढा घ्यावयाचा आणि बाकीचा व्हॉल्यूमच्या बटणावर अडवावयाचा, असा हा उफराटा व्यवहार चालतो.

आपल्या जिल्ह्यात जायकवाडीचा डावा कालवा येतो. वितरिकेला भरमसाट पाणी सोडून दिले आणि शेतकऱ्याला म्हटले की तू आपल्या वाफ्याच्या तोंडाशी मातीचा बांध घालून ते आवर, तर काय होईल? बांध एक बोट हलला की वाफा वाहून जाईल. पाणी वरच्या दारावरच बेताने सोडले म्हणजे खाली बारे देणारा निश्चिंत राहतो. व्हॉल्यूमचे बटण हे वाफ्याचे तोंड होय. वरचे दार आवरले नाही, म्हणून ते बिचारे बदनाम झाले.

तीन तक्रारी, तीन कारणे

आता सुरुवातीच्या तक्रारी एकेक करून तपासू. कारण त्या सरसकट एकच समजून उपाय करणे हीच मोठी गफलत होय.

पहिली तक्रार एक बाजू गप्प होण्याची. स्टिरिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलात एकाच दांडीवर दोन कार्बनचे पट्टे असतात, डाव्याचा एक आणि उजव्याचा एक. घड्याळाच्या काट्याच्या भाषेत बटण सातवर बंद असते आणि पाचवर पूर्ण उघडते. मध्यावर हे दोन पट्टे बऱ्यापैकी जुळतात. पण सात ते नऊच्या दरम्यान, जेथे पट्टा सुरू होतो तेथे, स्वस्त मालात त्यांची जुळणी राहत नाही. मोबाइल जोडल्यावर आपण नेमके याच पडीक कोपऱ्यात वावरतो. बाराच्या सुमारास ऐकता आले असते तर हा दोष कधी दिसलाच नसता.

दुसरी तक्रार आवाज फाटण्याची. काही सेटांत पहिली पायरी व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी असते. तिच्यात २ व्होल्ट शिरले की बाहेर पडताना पावणेसात होऊ पाहतात. लाटेच्या एका शेंड्यापासून दुसऱ्या शेंड्यापर्यंत मोजले तर ते सुमारे १९ व्होल्ट भरतात. त्या पायरीला वीजपुरवठाच १८ व्होल्टचा असेल तर लाटेचे शेंडे कापले जाणारच. मग बटण कितीही कमी करा, फाटलेला आवाज लहान होईल, पण फाटलेलाच राहील. बटण कमी करून आवाज स्वच्छ होत नसेल, तर दोष बटणाच्या आधी आहे हे ओळखावे.

तिसरी तक्रार सूं-सूंची. ती बटण बंद असतानाही येत असेल, तर तिचा उगम बटणाच्या नंतरच्या पायऱ्यांत आहे. बटण फिरवण्याबरोबर ती कमीजास्त होत असेल, तर आधीच्या पायरीत किंवा उगमात. ही साधी परीक्षा घरी कोणालाही, झाकण न उघडता, करता येते. आणि निम्मे निदान तिच्यातच होते.

पहिला उपाय : उंबरठ्यावर वाकणे

पहिल्या दोन तक्रारींवर उपाय एकच, आणि त्याला सेट उघडण्याचेही कारण नाही. मोबाइलकडून येणाऱ्या तारेत प्रत्येक बाजूला दोन-दोन रेझिस्टर घालावयाचे. १० किलोओह्मचा एक रेझिस्टर आवाजाच्या मार्गात ठेवावा; त्याच्या पुढच्या टोकापासून जमिनीच्या तारेपर्यंत ३.३ किलोओह्मचा दुसरा जोडावा. आणि जेथे हे दोन मिळतात तेथून सेटाकडे तार न्यावी. ३.३ ला १३.३ ने भागले म्हणजे जवळपास पाव येतो. सेटाचा स्वतःचा भार धरला तर त्याहून किंचित कमी. दोन व्होल्टचे अर्धा व्होल्टाच्या आत येतात. १२ डेसिबेलची घट झाली. बटण सात-आठच्या कोपऱ्यातून निघून अकराच्या सुमारास येते, आणि पहिल्या पायरीचा श्वासही मोकळा होतो.

पूर्ण तेरापट घट का करू नये, असे कोणी विचारील. १२ किलोओह्म आणि १ किलोओह्म घातले तर तीही साधते. परंतु सगळीच ध्वनिमुद्रणे सारख्या जोराची नसतात. जुन्या मैफलीचे हलके मुद्रण ऐकताना थोडी शिल्लक हाताशी असावी. यास्तव पावावर थांबणे शहाणपणाचे. रेझिस्टर पाव वॅटचे, एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म जातीचे घ्यावेत. डाव्या-उजव्याची जुळणी त्या एक टक्क्यावर अवलंबून आहे. ते एका लहान पत्र्याच्या डबीत बसवावेत आणि डबी जमिनीच्या तारेला जोडावी, म्हणजे बाहेरची गुणगुण शिरत नाही. आपल्या गावी न मिळाल्यास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा हैदराबादच्या कोठी भागात हे हमखास मिळतात.

पुष्कळ जुन्या सेटांना मागे पाच पिनांचे गोल सॉकेट असते. जर्मन प्रमाणाच्या या सॉकेटात मधली, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची पिन जमिनीची. तीन आणि पाच या पिनांवर आवाज सेटात शिरतो. टेपच्या सॉकेटात एक आणि चार या पिना रेकॉर्डिंगसाठी बाहेर देण्याच्या असतात. चुकून एक-चारवर जोडणी करून 'सेट बोलत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

या उपायाचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. घट फक्त मोबाइलच्या तारेत झाली. ग्रामोफोन आणि ट्यूनर यांना लागणारी वाढ जशीच्या तशी राहिली. सेटाची ८४ पट वाढ ही खोड नव्हती. ती आजोबांच्या रेकॉर्डींसाठी ठेवलेली सोय होती. नव्या पाहुण्याने उंबरठ्यावर थोडे वाकून आत यावे. त्याच्यासाठी घराचे छप्पर उचलू नये.

दुसरा उपाय : मधली जागा

सूं-सूं मात्र या डबीने जाणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती बटणाच्या नंतर जन्मते. तारेतल्या रेझिस्टरांना तिची वार्ताही नसते. तिच्यासाठी बटणानंतरची वाढ कमी करावी लागते, आणि तशी सोयीची जागा म्हणजे टोनची पायरी आणि पॉवरची पायरी यांच्यामधील जोड.

१९७८ साली आलेल्या, जगभर नाव झालेल्या एनएडी ३०२० या २० वॅटच्या स्वस्त सेटाच्या मागील बाजूस हा जोड चक्क बाहेर काढलेला होता. धातूच्या लहान दुव्यांनी दोन्ही भाग एकत्र केलेले असत. असे दुवे ज्या सेटाला आहेत, त्याच्या मालकाचे काम सोपे झाले. दुवा काढून तेथे ४.७ किलोओह्मचे दोन रेझिस्टर, एक मार्गात व एक जमिनीकडे, असे घातले की आधीच्या पायऱ्यांचा आवाज आणि त्यांची सूं-सूं दोन्ही निम्म्यावर येतात. गाणे पुन्हा पूर्ववत करण्यास बटण थोडे वर न्यावे लागते. सूं-सूं मात्र खालीच राहते. हाच सारा नफा.

ज्या सेटांना दुवे नाहीत, त्यांत हा जोड आतल्या छापील पट्टीवर शोधावा लागतो. तेथे दोन गोष्टी पाहाव्यात. आधीच्या पायरीला ९ ते १० किलोओह्मचा भार झेपतो की नाही. आणि पॉवरच्या पायरीचा स्वतःचा भार ४७ किलोओह्मसारखा हलका आहे की नाही. नसल्यास आकडे त्या मानाने बदलावे लागतील. शिवाय पॉवरच्या पायरीची स्वतःची सूं-सूं याने कमी होत नाही. पण बहुतेक सेटांत ती सर्वांत कमी असते.

तिसरा उपाय : कसबी हातांचा

पॉवरच्या पायरीचीच वाढ कमी करावी, हा तिसरा मार्ग. तो समजण्यासाठी निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे काय ते थोडक्यात पाहिले पाहिजे. १९२७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे हॅरोल्ड ब्लॅक कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत बसले होते. तेथे त्यांना सुचलेली कल्पना त्यांनी हातातल्या वर्तमानपत्रावरच उतरवली. कल्पना अशी : ॲम्प्लिफायरने मुळात गरजेपेक्षा पुष्कळ अधिक वाढ करावी, मग बाहेर आलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत आणावा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहावा. जो फरक दिसेल तो दोष. तो आपोआप खोडला जातो. वाढ खर्ची पडते, पण शुद्धता पदरात येते.

आपल्या सेटात हा परतीचा भाग दोन रेझिस्टर ठरवतात. समजा, एक २४ किलोओह्मचा आहे आणि दुसरा १ किलोओह्मचा. २४ ला १ ने भागून त्यात १ मिळवा : वाढ २५. एक किलोओह्मच्या जागी २.२ घातला तर ती सुमारे १२ होते. सूं-सूं निम्म्याहून खाली येते. मग हा सोपा मार्ग आधीच का सांगितला नाही?

कारण येथे एक गुप्त धोका आहे. व्याख्यानाच्या मंडपात मायक्रोफोन लाउडस्पीकरच्या समोर आला की कर्कश शिट्टी सुटते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. बाहेरचा आवाज परत आत शिरतो आणि स्वतःलाच वाढवत सुटतो. ॲम्प्लिफायरच्या आतही फार वरच्या कंपनसंख्येला तसेच घडू शकते. जुने २एन३०५५ सारखे पॉवर ट्रान्झिस्टर संथ चालीचे. परत आणलेला आवाज त्यांच्यातून फिरून येईपर्यंत इतका उशीर होतो की, विरोध करण्याऐवजी तो मूळ आवाजाला साथ देऊ लागतो. वाढ २५ वरून १२ वर आणली म्हणजे परत येणारा भाग दुप्पट झाला. बनवणाऱ्याने ठेवलेली सुरक्षिततेची फट अरुंद झाली. मंडपातली शिट्टी ऐकू तरी येते. ही कानाच्या पल्याडची असते. घरात सारे शांत असते, आणि ट्रान्झिस्टर तापून, उच्च स्वरांचा लहान स्पीकर जळून गेल्यावर मग कळते.

म्हणून हे काम ज्याच्याजवळ ऑसिलोस्कोप आणि ८ ओह्मचा कृत्रिम भार आहे, त्यानेच करावे. चौकोनी लाट आत सोडून बाहेरच्या लाटेच्या कोपऱ्यावर थरथर किती उमटते ते पाहावे. गरज पडल्यास आवर घालणारा पिकोफॅरडांतील लहान कपॅसिटर वाढवावा. बदलावयाचा तो जमिनीकडचा लहान रेझिस्टर, मोठा नव्हे. मोठ्यातून सेटाचा स्थिर दाब ठरतो. तो हलवला की मध्यबिंदू सरकतो, आणि ज्या सेटात स्पीकरच्या मार्गात कपॅसिटर नाही तेथे तो सरळ स्पीकरवर जातो.

ग्रामोफोनच्या पायरीबद्दलही इशारा देणे जरूर आहे. १९५४ साली ठरलेल्या 'आरआयएए' प्रमाणानुसार रेकॉर्डीत खालचे स्वर दाबून आणि वरचे उचलून कोरलेले असतात. ग्रामोफोनची पायरी ते उलट करते. १,००० कंपनांच्या तुलनेत २० कंपनांवर ती सुमारे १९ डेसिबेल वाढवते आणि २०,००० वर तितकीच घटवते. तिच्यातील मोठे रेझिस्टर व कपॅसिटर यांना हात लावला की हे सारे वळण बिघडते. आणि मोबाइल कधीही 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटात जोडू नये. तेथे पाच मिलिव्होल्टची अपेक्षा असते.

दोन गैरसमज

वाढ अधिक केली की वॅट वाढतात, असा एक समज बाजारात दृढ आहे. तो खोटा आहे. २० वॅटला ८ ओह्मवर लाटेचा शेंडा सुमारे १८ व्होल्टपर्यंत जावा लागतो; तो किती जाईल हे ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठा ठरवतात. वाढ दुप्पट केली तर शेंडा लवकर छपराला टेकेल, एवढेच. घागर चार लिटरची असेल तर नळ मोठा बसवून तिच्यात आठ लिटर मावत नाहीत.

दुसरा समज आयसी बदलण्याचा. ४५५८ काढून ५५३२ बसवला की सेट 'सुधारतो' असे म्हणतात. ५५३२ हा १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीचा उत्तम आयसी आहे यात संशय नाही. पण त्याने वाढ बदलत नाही; ती बाहेरचे रेझिस्टर ठरवतात. शिवाय तो दुपटीहून अधिक वीज घेतो. स्वस्त सेटात एक रेझिस्टर आणि एक झेनर डायोड यांवर त्या पायरीचा पुरवठा बेतलेला असतो. तेथे हा खर्च झेपेलच असे नाही. रोगाचे नाव न विचारता महागडे औषध देण्यासारखा हा प्रकार होय.

हात लावण्यापूर्वी

वाढीचा विचार करण्याआधी सेट निरोगी आहे की नाही हे पाहिले पाहिजे. परभणीचा उन्हाळा आपण जाणतोच. मे महिन्यात पारा ४२ च्या वर सहज जातो आणि बंद कपाटातील सेटाच्या आत त्याहून वर. विद्युत्-रसायन भरलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की अदमासे निम्मे होते. चाळीस वर्षांचे हे कपॅसिटर प्रथम तपासावेत. पुष्कळदा घरघर आणि एका बाजूचा अशक्तपणा त्यांच्यामुळेच असतो. बरीच वर्षे बंद असलेला सेट सरळ २३० व्होल्टवर लावू नये. मेकॅनिकच्या सिरीज बोर्डावर ६० वॅटचा पिवळा दिवा जोडून मग लावावा. दिवा क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे.

प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत वीज राहते; ती रेझिस्टरमधून उतरवूनच हात घालावा. व्हॉल्व्हच्या सेटात २५० ते ३०० व्होल्ट असतात, तेथे हौशी माणसाने जाऊच नये. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या 'एसी-डीसी' रेडिओचा सांगाडाच विजेच्या तारेला जोडलेला असतो. त्याला मोबाइल जोडणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

तात्पर्य, क्रम असा असावा : प्रथम तपासणी, मग तारेतील डबी, मग मधला जोड, आणि सर्वांत शेवटी, तेही कसबी माणसाच्या हातून, पॉवरची पायरी. दहांपैकी किती घरांचे काम दुसऱ्याच टप्प्यावर भागेल याचा आकडा आम्ही देणार नाही. पण ज्याने बटणाची परीक्षा नीट केली, त्याला आपल्या सेटाचे उत्तर आपोआप मिळेल.

आपल्याकडे सुधारणा म्हणजे काहीतरी वाढवणे, असे सहसा समजले जाते. या जुन्या यंत्राला मात्र वजाबाकीने न्याय मिळतो, आणि ती वजाबाकीही जपून, परत फिरवता येईल अशी केली पाहिजे. ज्या गावांत जुने रेडिओ मेकॅनिक एकेक करून दुकान मिटवीत आहेत, तेथे हे विशेष अगत्याचे आहे. कारण उद्या हा सेट कोणाच्या हाती जाईल आणि त्याला विचारायला कोण असेल, हे आज सांगता येत नाही. यासाठी एवढेच करावे. काढलेला प्रत्येक रेझिस्टर फेकू नये. कागदाच्या पुडीत घालून झाकणाच्या आत चिकटवावा, आणि त्या पुडीवर लिहावे : कोणत्या जागचा, किती ओह्मचा, केव्हा काढला, कशासाठी काढला. चार ओळींची ती चिठ्ठी पुढच्या माणसाला त्या घरच्या रेकॉर्डी पुन्हा मूळ आवाजात ऐकवू शकेल.